ठराव आणि पाणी

पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि मी, आमचं दोघांचं वय एकच. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली. त्याच वर्षी पावसाळ्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझा जन्म झाला. दोन वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ पडला. वडिलांनी काही महिने रोजगार हमीवर खडी फोडली आणि मग एका नातेवाइकाची चिठ्ठी खिशात घालून ते पिंपरीला आले. मागून आई आणि आम्ही भावंडं. अण्णासाहेब मगर हे या नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष. नेहरूनगरला त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. त्याच भागातल्या एका पत्र्याच्या चाळीत आमचं बिऱ्हाड लागलं.

मित्रहो, हे गाव मुळातच आलेल्या माणसांचं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली. तिला लोक अजून ‘कॅम्प’च म्हणतात. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि शेतं एकेक करून प्लॉट होत गेली. आमच्या चाळीत साताऱ्याचे मराठे होते, बीडचे वंजारी होते, लातूरकडचे बौद्ध होते, एक केरळचा फिटर होता आणि शेवटच्या खोलीत उत्तर प्रदेशातले चार वेल्डर पाळीपाळीनं झोपत. सगळ्यांना मिळून पालिकेचा एक नळ. पहाटे दोन तास पाणी. रात्रीच हंडे, घागरी, डालड्याचे डबे रांगेत लावून ठेवायचे. कोणाचा डबा कोणता, हे झोपेतसुद्धा ओळखता यायचं.

त्या रांगेतली एक गोष्ट मला सांगायची आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. वस्तीच्या कडेला एका झोपडीत एक तृतीयपंथी राहायला आली. तेव्हा आमच्याकडे ‘तृतीयपंथी’ हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता, आणि जे शब्द होते ते रेडिओवर उच्चारता येण्यासारखे नाहीत. पहिल्याच सकाळी तिनं आपली घागर रांगेच्या शेवटी ठेवली. तिच्या पुढच्या बाईनं आपला हंडा उचलून बाजूला घेतला. मग तिच्या पुढच्या बाईनं. मग आणखी दोघींनी. पाचवा हंडा आमचा होता. आईनंही तो उचलला. कोणी काही बोललं नाही. ती घागर एकटीच नळापासून लांब राहिली. थोड्या वेळानं ती बाई घागर घेऊन परत गेली आणि त्यानंतर ती पाणी भरायला दुपारी कंपनीच्या भिंतीकडच्या गळक्या पाइपवर जाऊ लागली.

आम्ही त्या रांगेत सहा वर्षं आधीपासून होतो. आम्हाला तिथं कधी कोणी मागं सारलं नव्हतं. म्हणूनच कदाचित ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

नळ नगरपालिकेचा होता. त्यावर कोणाचंही नाव नव्हतं, कोणाला मनाईही नव्हती. तरीही एका माणसाला तिथं पाणी मिळालं नाही. स्थानिक स्वराज्य संस्था समाजातल्या वेगवेगळ्या घटकांना सामावून घेण्यासाठी काय करतात, या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मला आधी हा नळ आठवला आणि मग महाडचं तळं आठवलं. बी. ए.ला माझा इतिहास विषय होता. क्रमिक पुस्तकात महाडचा सत्याग्रह एका परिच्छेदात उरकला होता. पुढं स्वतः होऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ही जितकी सत्याग्रहाची गोष्ट आहे तितकीच एका नगरपालिकेच्या ठरावाचीही आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. सरकारनं तसे आदेश खाली पाठवले. आदेश खाली गेले म्हणजे काय होतं, हे आपण जाणतोच. बहुतेक ठिकाणी ते फायलीत बसले. पण महाडच्या नगरपालिकेनं मात्र १९२४ साली स्वतःचा ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथले नगराध्यक्ष होते. सुधारक विचारांचा माणूस. तालुक्याच्या गावची छोटीशी नगरपालिका, आणि तिनं एवढं मोठं पाऊल टाकलं, याचं श्रेय त्या सभासदांना दिलंच पाहिजे.

पण तीन वर्षं त्या तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी प्यायला गेला नाही. जाऊ शकला नाही. ठराव होता, बंदी करणारा कागद कुठंच नव्हता, आणि तरी तळ्याकडं जाणारी वाट बंदच होती. १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी गावोगाव फिरून माणसं जमवली होती. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्र्यांनी सुचवलं, की इथपर्यंत आलोच आहोत तर नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी आपणच करू. मग डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं शिस्तीनं तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली.

पुढचं आपल्याला माहीत आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठली आणि जेवणासाठी, परतीसाठी पांगलेल्या माणसांना गाठून मारहाण झाली. काहींनी गावातल्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. आणि मग आली ४ ऑगस्ट १९२७ ही तारीख. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं पूर्ण होत होती. त्याच दिवशी महाडच्या नगरपालिकेनं आपला १९२४चा ठराव रद्द केला.

मला या इतिहासात सर्वांत जास्त थांबायला लावणारी जागा हीच वाटते. तो ठराव काही बाहेरच्या कोणी हिसकावून नेला नाही. ज्या सभागृहानं तो केला त्याच सभागृहानं तो मागं घेतला. जोपर्यंत कोणी त्याचा उपयोग करत नव्हतं तोपर्यंत तो दप्तरात सुखानं नांदत होता. लोकांनी तो खरा मानला, त्याप्रमाणे ओंजळ भरली, आणि काही महिन्यांत तो गेला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तळं खासगी मालकीचं आहे, असा दावा करून विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. गावातल्या दुकानदारांनी जिन्नस विकायचं बंद केलं म्हणून धान्यधुन्यही बाहेरून आणावं लागलं. परिषदेसाठी मांडव घालायला जागा कोणी देईना. ती जागा दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं ते तिथं. तळ्याचा खटला पुढं दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, आणि मगच त्या पाण्यावरचा हक्क पक्का झाला.

फत्तेखानांविषयी मी मुद्दाम थोडं बोलतो. माझ्या धर्माचा माणूस म्हणून छाती फुगवायला नव्हे. खरं तर तिथं आमच्या लोकांनी फुशारकी मारावी असं फारसं काही नाही. चवदार तळ्यावर मुसलमानांना बंदी नव्हती. ते तिथं पाणी भरत होते आणि शेजारच्या माणसाला ते मिळत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या बघत होते. पण त्या डिसेंबरात एका माणसानं आपल्या मालकीच्या जमिनीवर मांडव घालू दिला. त्याला तसं सांगणारा कोणताही ठराव नव्हता. गावात राहून, त्याच बाजारातून सामान आणून, त्यानं हे केलं. त्याच्याविषयी आपल्याला नावापलीकडे फारसं काही कळत नाही. मला त्याच्यावर कविता लिहायची होती. दोन-तीनदा बसलो. प्रत्येक वेळी ती त्याच्यावरून घसरून माझ्यावर यायची, म्हणून सोडून दिली.

आता पुन्हा आपल्या गावाकडं येऊ.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी आमच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली होती. कारखाने भोसरीच्या पुढं सरकत चाकणला पोहोचले. बजाज, मग महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज, आणि त्यांच्यामागं सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने. अशाच एका कारखान्यात २००० साली मी स्टोअर कीपर म्हणून लागलो. रोजची ये-जा परवडेना म्हणून चाकणला खोली शोधत होतो. एका घरमालकांशी तासभर गप्पा झाल्या. तुकोबांवर बोललो. देहूहून निघालेल्या पालखीचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी असतो, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांना ते माहीत होतं. चहा झाला. डिपॉझिट ठरलं. मग त्यांनी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर ते म्हणाले, “मराठी फार छान बोलता हो तुम्ही.” आणि थोडं थांबून, “आमची काही हरकत नाही, पण घरात म्हातारी माणसं आहेत.”

त्या संध्याकाळी मी संग्रामदुर्गाच्या पडक्या तटाजवळ जाऊन बसलो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध तो भुईकोट जवळपास दोन महिने लढवला. घरमालकांना एका तासात माझ्यात तुकोबांचा भक्त दिसला आणि एका मिनिटात त्याचा शाहिस्तेखान झाला, याचं मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. मी फिरंगोजींच्या बाजूचा होतो. शाळेत असताना त्यांच्यावर भाषण करून मी कंपासपेटी मिळवली होती.

या औद्योगिक पट्ट्यात ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरचा’ हे शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतात. उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, हे शासनाचं जुनं धोरण. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याचा नव्यानं शासन निर्णय निघाला. त्यात स्थानिक म्हणजे राज्यात किमान पंधरा वर्षं राहिलेला आणि मराठी जाणणारा माणूस. म्हणजे सरकारच्या हिशेबानं मी पक्का स्थानिक. घरमालकाच्या हिशेबानं मात्र नाही. दोन वह्या आहेत आणि त्यांतल्या नोंदी जुळत नाहीत. असो.

मार्च २०२२ मध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्या वेळी राजेश पाटील आयुक्त होते. त्यांच्या काळात महापालिकेनं एक निर्णय घेतला. तृतीयपंथीयांना सुरक्षा रक्षक म्हणून नेमलं. पिंपरीच्या मुख्य इमारतीच्या दारात, गणवेशात. काहींना रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांना दंड करणाऱ्या ग्रीन मार्शल पथकात घेतलं, काहींना उद्यानांच्या देखभालीवर. पन्नाशी उलटलेल्या तृतीयपंथीयांना दरमहा ३ हजार रुपये निवृत्तिवेतन देण्याची योजनाही तेव्हाच जाहीर झाली.

या निर्णयाचं वजन कळायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागेल. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. या कायद्याचा हा भाग आपल्याला ठाऊक असतो, कारण पुढं मुंबई इलाख्यातल्या पारध्यांसारख्या जमातींना त्यानं तारेच्या कुंपणात कोंडलं. ते कुंपण ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठलं. कायद्याच्या दुसऱ्या भागाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. तो तृतीयपंथीयांबद्दल होता आणि आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. पोलिसांनी त्यांची नावं वहीत लिहून ठेवायची, बाईच्या वेषात रस्त्यावर दिसले किंवा नाचले-गायले तर वॉरंटाशिवाय पकडायचं. तो कायदा गेला तरी त्यानं घातलेली पोलिसी सवय गेली नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, २०१९ साली संसदेनं कायदा केला. या पार्श्वभूमीवर, ज्यांची नावं पोलिसांच्या वहीत जायची त्यांच्याच हातात सरकारी इमारतीच्या दारातली वही द्यायची, ही कल्पना मला फार आवडली. ज्याला सुचली त्याला मी मनापासून दाद देतो.

तरी महाडची आठवण पिच्छा सोडत नाही. हा निर्णय झाला तेव्हा सभागृहच नव्हतं. नगरसेवकांनी त्यावर वाद घातला नाही, विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. एका अधिकाऱ्याच्या सहीनं काम झालं. झटपट झालं, हे खरं. पण आयुक्त बदलतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेही बदलले. महाडला निदान लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी हो म्हटलं होतं आणि नंतर त्यांनीच नाही म्हटलं होतं. जे एका सहीनं आलं ते एका सहीनं जाऊ नये, यासाठी वस्तीतल्या माणसांनी ते आपलं म्हणायला हवं, आणि ते काम कोणत्याही आयुक्ताला कंत्राटावर देता येत नाही. या नेमणुकाही, सांगायलाच हवं, कंत्राटी पद्धतीच्याच होत्या.

आणखी एक तारीख सांगतो. ९ ऑगस्ट. क्रांतिदिन म्हणून आपण ती ओळखतो. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस जगातल्या आदिवासींचा दिवस म्हणून जाहीर केला, कारण आदिवासींच्या प्रश्नांवरच्या त्यांच्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ साली जिनिव्हात याच दिवशी भरली होती. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जुन्नर, आंबेगाव, खेडच्या डोंगरातून आलेली महादेव कोळी आणि ठाकर पोरं भरपूर आहेत. त्यांच्यामुळं आता शहरातही हा दिवस गाजतो. अशा एका कार्यक्रमात मला कविता वाचायला बोलावलं होतं. मंडपात बिरसा मुंडांचा मोठा फोटो होता, आणि तो असायलाच हवा. पण माझ्या शेजारी बसलेल्या आंबेगावच्या एका कामगारानं हळूच विचारलं, “सर, आमच्या होनाजीचा फोटो का नाही?”

मी घरी जाऊन वाचलं. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे होनाजी केंगले. १८७३च्या सुमारास त्यांनी पुणे जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरात सावकारांविरुद्ध बंड उभारलं आणि इंग्रज फौजेला तीन वर्षं झुलवलं. १८७६ साली ते पकडले गेले. इंग्रजांच्या गॅझेटिअरात त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून आहे. इथून चाळीस-पन्नास मैलांवरचा हा माणूस, आणि मी शहरात आयुष्य काढून त्याचं नाव पहिल्यांदा ऐकत होतो. मला शाहिस्तेखान समजणाऱ्या घरमालकाला मी हसलो होतो. माझ्याही वहीत किती पानं कोरी आहेत, ते त्या दिवशी दिसलं.

त्या मंडपात आणखी एका गोष्टीचा उच्चार झाला नाही. ९ ऑगस्ट २०११. आमच्या शहराला पाणी येतं पवना धरणातून. धरणातलं पाणी नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका ते उचलते. मधे पाणी वाया जातं, दूषित होतं, म्हणून धरणापासून निगडीपर्यंत बंद नळानं पाणी आणायची योजना महापालिकेनं आखली. शहराच्या बाजूनं पाहिलं तर योजना शहाणपणाचीच. पण धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या अनेकांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलेलं. त्यात आता नदीतलं पाणीही नळात बंद होणार आणि नदीकाठची शेती सुकणार, असं मावळातल्या शेतकऱ्यांना वाटलं. त्या दिवशी बऊरजवळ त्यांनी द्रुतगती महामार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तिघं मेले. त्यात एक बाई होती. योजनेला स्थगिती मिळाली, ती उठायला २०२३ साल उजाडलं.

मावळात शेतकरी आहेत तसे ठाकर, कातकरी, महादेव कोळीही आहेत. ते या पाण्याच्या सर्वांत वरच्या टोकाला राहतात आणि आम्ही खालच्या. त्यांच्या दिवशी त्यांचे नाच शहरात आणायचे, शाल-नारळ द्यायचा, हे करावंच. माझा त्याला विरोध नाही. पण ज्या महापालिकेच्या नळासाठी त्यांच्या शेजारच्या माणसांवर गोळी चालली, त्या शहरात त्याच तारखेला त्या तिघांसाठी दोन मिनिटं उभं राहणं अवघड का जावं? माझी कविता वाचायची पाळी आली तेव्हा हे बोलायचं माझ्या ओठावर आलं होतं. बोललो नाही. कविता वाचली, शाल घेतली, घरी आलो. हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला तेव्हा सभागृहात विरोधात एकट्या जोतीरावांचं मत पडलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १८६८ साली, त्यांनी स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. सभागृहात विरोधात हात वर करण्याआधी त्यांनी घरचं काम उरकलेलं होतं. त्या मंडपातून शाल घेऊन आल्यावर मला जोतीरावांची आठवण झाली, ती या क्रमामुळं.

शेवटी पुन्हा त्या नळाकडं येतो.

२०२२च्या दिवाळीनंतर आईच्या एका दाखल्यासाठी मी पिंपरीच्या महापालिका इमारतीत गेलो होतो. दारात सुरक्षा रक्षकाच्या गणवेशात एक तृतीयपंथी होती. तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, खिशाला ओळखपत्र. माझ्या पुढं एक गृहस्थ होते, त्यांनी तिच्याकडे न बघताच आत जायचा प्रयत्न केला. तिनं हात आडवा केला. “साहेब, आधी नोंद करा.” ते गृहस्थ चिडले, इकडं-तिकडं पाहिलं, आणि मग मुकाट्यानं वाकून त्यांनी नाव लिहिलं. माझी पाळी आली. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, काम लिहिलं. तिनं वही फिरवून घेतली, नाव वाचलं आणि म्हणाली, “काका, दाखला ना? त्या कोपऱ्यातल्या खिडकीवर. एकच्या आत जा, नंतर जेवणाची सुट्टी होते.” एवढंच.

माझं नाव वाचून कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे बघायची मला सवय आहे. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. आई आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेली आहे. ती पत्र्याची चाळ गेली, आमचा फ्लॅट झाला, स्वयंपाकघरात नळ आला, तरी ती रात्री दोन हंडे भरून ठेवते. मी नळावरच्या त्या सकाळचा उल्लेखही केला नव्हता. चाळीस वर्षांत आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, गणवेश कोणत्या रंगाचा होता ते विचारलं. मग बराच वेळ गप्प राहून आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, “उसकू खोली मिली क्या रे? पानी का नल है क्या उधर?”

मी ते विचारलं नव्हतं. दाखला आणायला पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो तेव्हा दारात दुसरा रक्षक होता. त्याला विचारलं, तर तिची ड्यूटी आता संध्याकाळची लागली आहे, असं तो म्हणाला.